भुजलीचं नाव

फ्रेनेमी हा इंग्रजी शब्द मला माझ्या एका विद्यार्थिनीनं शिकवला, आणि शिकल्या दिवसापासून तो मला आवडत नाही.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अकरावीच्या वर्गात दोन मुली एकाच बाकावर बसतात. एकमेकींच्या वह्या लपवतात, एकमेकींचे डबे खातात, एकीला माझ्याकडून शाबासकी मिळाली की दुसरी तोंड फिरवते. एकीचा वाढदिवस होता. दुसरीनं दोघींचा फोटो फोनवर टाकला आणि त्याखाली लिहिलं, माझ्या लाडक्या फ्रेनेमीला शुभेच्छा. तास संपल्यावर जिचा वाढदिवस होता तिनं मला तो फोटो दाखवला. तक्रार म्हणून नाही, कौतुकानं.

"मॅडम, फ्रेंड आणि एनिमी. दोन्ही एकातच. भारी ना?"

"कुठून आणला हा शब्द?"

"रीलमधून."

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. घरी येऊन शोधत बसले.

ही माझी सवय आहे. आमच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिली. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा आमचे गुरुजी फळ्यावर रोज चार शब्द लिहून द्यायचे, आणि ते चार शब्द मी बाजारातून आणलेल्या वस्तूंसारखे जपून घरी न्यायची. त्या गुरुजींचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत. त्यांच्यामुळेच एखादा शब्द कुठल्या घरचा, कुणाच्या पोटचा, हे कळल्याशिवाय मला तो वापरवत नाही.

तर हा शब्द वाटतो तितका नवा नाही. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर बंदुका रोखून वर हसून हात मिळवत होते, त्या काळात अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या सदरात तो थट्टेनं आलेला आहे. त्याच्याही आधीच्या जुन्या छापील कागदांत तो सापडतो असं म्हणतात. म्हणजे पहिल्यांदा कुणी जोडला ते नक्की कुणालाच माहीत नाही. आणखी एक गोष्ट सांगतात ती इंग्लंडातल्या एका मोठ्या घरची. त्या घरातल्या लहान मुलीला शेजारची एक मुलगी अजिबात आवडत नसे. तरी दोघी रोज बरोबर खेळत, एकमेकींकडे खायला-प्यायला जात. त्या नात्याला काय म्हणायचं, म्हणून त्या पोरीनं म्हणे हा शब्द बनवला.

ही गोष्ट वाचली आणि मला राग आला. त्या मुलीचा नव्हे. ज्यांना ही गोष्ट गोड वाटते त्यांचा. शेजारणीचा वीट आला म्हणून ज्यांना एक शब्द बनवून हसता येतं, मोठं होऊन दुसऱ्या शहरात जाता येतं आणि पुन्हा तोंड पाहावं लागत नाही, त्यांच्यासाठी ही गंमत आहे. आमच्या गावात या नात्याला फार जुना शब्द आहे, आणि तो बनवताना कुणीही हसलेलं नाही.

आमचं गाव सानगडीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्याकडे भुजली बदलायची रीत आहे. छत्तीसगडाकडून आली असं म्हातारी माणसं म्हणतात. सगळ्या जिल्ह्यात ती नाही, पण आमच्या गावात आहे. नागपंचमीच्या सुमाराला टोपलीत माती घेऊन गहू पेरायचे. टोपली घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे कोंब पिवळे, लांब आणि नाजूक निघतात. त्याच भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका-पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन तलावावर जातात, माती पाण्यात सोडतात आणि धुतलेले कोंब घेऊन परततात. जिच्याशी आपला जीव जुळतो तिच्या कानामागे कोंब खोवायचे, तिनं आपल्या खोवायचे. त्या दिवसापासून ती आपली भुजली. तिचे आईबाप ते आपले आईबाप. तिच्या घरचं अन्न नाकारायचं नाही. तिच्या सुखाला, दुःखाला, मयतीला जायचं. आणि जन्मभर तिचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती भुजली म्हणूनच.

यातून सुटायची रीत मात्र कुणी काढलेली नाही.

मी सहावीत असताना माझ्या कानामागे कोंब खोवले गेले. ती गावातल्या मोठ्या कास्तकाराची मुलगी, आम्ही धिवर. माझे वडील तलावावर मासे धरायचे, आई शाळेत खिचडी शिजवायची. एवढ्या मोठ्या घरानं आमच्याशी हे नातं जोडलं याचं माझ्या आईला फार अप्रूप वाटलं. ती दिवसभर कारण नसताना गावातून फिरत होती, लोकांनी विचारावं म्हणून.

खरं आहे ते मी लिहिते. त्या घराचे माझ्यावर उपकार आहेत. दहावीच्या वर्षी त्यांच्या ओसरीतल्या दिव्याखाली मी अभ्यास केला. तिच्या आईनं मला पोटच्या पोरीसारखं वाढलं. पुढं शिकायला साकोलीला पाठवा असं माझ्या वडिलांना समजावलं ते तिच्या वडिलांनी. हे मी विसरलेले नाही, विसरणार नाही.

पण जेवायला बसलं की तिचे वडील रोज म्हणायचे, "पाह, भुजलीकडून शीक काही. तिच्या घरी लाईट नाही तरी तिले गणित येते." ती मान खाली घालून भात कालवायची. एकदा तिनं माझ्या ताटाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खा वो, पोटभर खा. गणित लय भूक लावते." तिची आई हसली. मीही हसले.

ती गणितात नापास झाली, मी पास झाले, आणि त्यानंतर आमच्यात उरलं ते फक्त नातं. तिचं लग्न गावातच, पलीकडच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, घरी झालं. मी बसनं कॉलेजात जाऊ लागले. मी पदवी घेतली तेव्हा गावानं पंचायतीसमोर माझा सत्कार केला. ती पहिल्या रांगेत बसली होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी हिच्या चालूच. मग मोठ्यानं म्हणाली, "अरे, पंखा लावा ना कोणी! भुजलीले घाम येऊन राहिला. आता तिले सवय नाही राहिली गावच्या उन्हाची." मला पाहायला पाहुणे आले तेव्हा ती पाणी द्यायला पुढे होती. पाहुण्यांना म्हणाली, "पोरगी हुशार आहे जी. घागर उचलता येत नाही, पण तुमच्या घरी नळ असंलच." त्यांनी नंतर निरोपच पाठवला नाही.

मीही गप्प बसणारी नव्हते. तिला मुलगी झाली तेव्हा मी पुस्तकं घेऊन गेले आणि बारशाला जमलेल्या बायकांसमोर म्हणाले, "हिला तरी शिकव, भुजली." तिनं पुस्तकं घेतली, कपाळाला लावली आणि पोरीला माझ्या मांडीवर दिलं. "घे, ही तुही बी पोरगी. शिकव तूच." आणि दर राखीच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या आईला लुगडं-नारळ घेऊन यायची, मी तिच्या आईकडं जायची. असं सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मागच्या वर्षी ती शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली. पावसाळा सुरू होता होताच समिती बदलली होती. शाळेत तांदळाची पोती ठेवायच्या खोलीचं छप्पर गळत होतं. माझ्या आईनं ते नव्या अध्यक्षांना, म्हणजे हिला, घरी जाऊन सांगितलं. आई हिला बेटी म्हणायची. "बेटी, पोते ओले होऊन राहिले. दुसऱ्या खोलीत ठेवू दे." ही म्हणाली, "पाहतो, आई." पाहिलं काही नाही. पुन्हा सांगितलं तरी तेच. मग एक दिवस एका मुलाच्या ताटात अळी निघाली. त्याच्या बापानं ताटाचा फोटो काढला आणि तो गावभर फिरला.

त्यानंतर कळलं की खिचडीवाली बाई बदलायची आहे आणि नवीन बाई म्हणून अध्यक्षांच्या जावेचं नाव पुढं आलं आहे.

माझ्या आईला शाळेतलं काम म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. ती कधी शाळेत शिकली नाही. पण सकाळी खिचडी ढवळायचा सराटा हातात घेऊन ती त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायची तेव्हा शाळेत तिला मान होता. गुरुजी तिला बाई म्हणायचे. मुलं पंगतीत बसली की कोण उपाशी आलंय ते तिला चेहऱ्यावरून कळायचं आणि त्याच्या ताटात ती न बोलता जास्त वाढायची. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडं ये म्हणून किती सांगितलं. ती आली नाही ती याच कामासाठी. ते गेलं तर तिला गावात राहायला कारण नव्हतं, आणि गावाबाहेर राहायची तिची इच्छा नव्हती.

पालकसभा ठेवली होती. गावकऱ्यांनाही या म्हणून सांगितलं होतं. मी रजा काढून गेले. जाताना आई म्हणाली, "तू बोलू नको. बाया आहेत. त्या हात वर करतील." तिचं म्हणणं खरं होतं. त्या शाळेत जेवलेल्या कितीतरी मुलांच्या आया-आज्या व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या. एकीनं आईला हात धरून आपल्याजवळ बसवलं. "बस वो इथं. पाहू कोण काढते तुले."

मुख्याध्यापक नवीन होते, पुण्याकडचे, सरळ माणूस. त्यांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, कुणाला काही म्हणायचं आहे का. आई मान खाली घालून बसलेली. ती काही बोलणार नव्हती. भुजलीची आई म्हणजे हिचीही आई, आणि लेकीवर चार लोकांत आरोप कसा करायचा? मला ते पाहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले की पोती ओली होत आहेत हे आईनं आधीच सांगितलं होतं, तरी काही केलं गेलं नाही. मग दोष शिजवणाऱ्या बाईचा कसा?

"कोणाला सांगितलं होतं, मॅडम?" मुख्याध्यापकांनी पेन उघडलं.

"समितीच्या अध्यक्षांना."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. बसूनच, शांतपणे. "कोणत्या अध्यक्षाले जी? पहिले दुसऱ्या बाई होत्या. मंग मी झाली. कोणाले सांगतलं ते नाव घेऊन सांगाले सांगा, सर."

"यांनाच," मी म्हणाले.

"यांना म्हणजे?" मुख्याध्यापकांना खरंच कळलं नव्हतं. त्यांच्यापुढं समितीच्या तीन-चार बायका एका ओळीत बसल्या होत्या. "मॅडम, मला इतिवृत्तात नाव लिहावं लागेल."

ती माझ्याकडं पाहत होती. ओठांवर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं. "घ्या ना नाव," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या आहा. तुम्हाले कायचं भेव? आणि या बाईंनी मले सांगतलं, याले साक्षीदार कोण?"

या बाईंनी. माझ्या आईला. जिला ती सहावीपासून आई म्हणत आली होती, जिच्या हातची मासळी खाऊन वाढली होती, जिला दर वर्षी लुगडं आणत होती, तिला चार लोकांत ही म्हणाली, या बाई. आईनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मला दुसरी वाट होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिच्या मुलीचं नाव घेऊन 'अमकीच्या आईला' म्हणता आलं असतं. गावातल्या बायका तसंच म्हणतात. पण आड मार्गानं बोलायची माझी इच्छा उरली नव्हती. मी तिचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, तिच्या वडिलांच्या आडनावासकट. हजेरी घेते तसं.

व्हरांड्यातल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. मुख्याध्यापक लिहू लागले. त्यांना वाटलं, झालं काम.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं माय! भुजलीचं नाव घेतलं पोरीनं."

"कानामागं कोंब खोवले होते ना वो हिनं?"

"तेच ना. आता हिच्या घरचं पाणी तरी कसं प्यावं?"

ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त पदर डोक्यावरून पुढं ओढला, मयतीच्या घरी ओढतात तसा, आणि जमिनीकडं पाहत बसली. पळसाच्या पानासारखा रुंद तिचा चेहरा त्या पदराआड झाकून गेला. ती नाटक करत होती असं मी त्या क्षणी समजले आणि आजही तसंच समजते. पण नाटक उत्तम होतं. पोत्यांची गोष्ट, अळीची गोष्ट, जावेची गोष्ट, सगळं त्या पदराखाली गेलं.

मुख्याध्यापकांनी विचारलं, सध्याच्या बाईच राहाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. दोन-चार हात वर आले. आईचा हात धरून बसलेल्या बाईनं तो सोडला होता.

आई माझ्यापुढं चालत घरी आली. दाराशी आल्यावर म्हणाली, "नाव कायले घेतलंस?"

"खरं तेच सांगितलं मी."

"खरं का फक्त तुलेच ठाऊक होतं? साऱ्या गावाले ठाऊक होतं. तरीच बाया आल्या होत्या."

"ती तुला बाई म्हणाली, आई. या बाई म्हणाली."

"म्हणाली तर म्हणाली. मी आयकली ना? मी मेली का?" तिनं कुलूप काढलं. "तू काहून मधात पडली?"

मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आईसाठी वाटलं. पण नाव घेतलं त्याचं नाही वाटलं. जिनं ती रीत चाकूसारखी वापरली तिच्यासाठी मी रीत पाळायची, हे मला त्या दिवशीही पटलं नाही, आजही पटत नाही. बायका ज्या पापाला घाबरल्या ते पाप माझं. एका म्हाताऱ्या बाईच्या हातचं काम हिसकलं ते मात्र कुणाचंच नाही. असा न्याय.

जाऊबाई शिजवू लागल्या. आई घरी बसली. फोनवर ती काय सांगायची तर, आज काय रांधलं, किती उरलं, शेजारच्या कोंबड्यांना घातलं. एकटीपुरता भात तिला लावता येत नव्हता.

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी मी गावी होते. ती येणार नाही अशी माझी खात्री होती. आली. हातात लुगडं-नारळ, बरोबर मुलगी. मी दारातच उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझं नाव घेतलं. सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून, तोंडात काही नवं घालून चव पाहावी तसं.

"आई आहे का घरी?" पुढं म्हणाली.

"आई कुणाची?" मी विचारलं. "त्या बाई आहेत."

आतून आईनं ऐकलं होतं. ती बाहेर आली, आम्हा दोघींकडं पाहिलं. "झालं? दोघींचंही झालं?" मग तिला म्हणाली, "ये. हातपाय धू. जेवून जा."

तिनं लुगडं आईच्या हातात दिलं, पाया पडली आणि जेवायला बसली. मी वाढलं नाही. आईनं वाढलं. भात, झिंग्यांचा रस्सा. ती मन लावून जेवली. मुलगी तर दोनदा भात मागून जेवली. आईनं त्या पोरीकडं पाहत विचारलं, "शाळेत जेवते का ही?"

"नाही जेवत," ती म्हणाली. "कोणीच धड जेवत नाही. पोरं ताटं तशीच ठेवून जातात."

तिनं हात धुतला, पदराला पुसला आणि भिंतीकडं पाहत म्हणाली, "जाऊबाईच्या हाताखाली एक बाई पाहिजे. नाव तिचंच राह्यल. रांधा तुम्ही."

"पोते?" आई म्हणाली.

"दुसऱ्या खोलीत हलवले."

म्हणजे हलवता येत होते. मला राहवलं नाही. "आई, नाही म्हण. तुझ्याच चुलीवर तू दुसरीच्या हाताखाली उभी राहणार? हिनंच काढलं तुला. आता पोरं जेवत नाहीत म्हणून हिला तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून आली ही."

"बरोबर बोलून राहिल्या," ती माझ्याकडं न पाहता म्हणाली. "पण तुम्ही उद्या बसनं जासान. आईले इथंच राहायचं हाये. मलेही."

"तू माफी माग आधी."

"तुम्ही मागता?"

"नाही."

"मंग?"

आई उठली. ताटं उचलली. "सकाळी किती वाजता उघडते शाळा?" तिनं विचारलं, जणू तिला माहीतच नव्हतं. "येतो मी."

त्या संध्याकाळी मी आईशी भांडले. मोठ्या आवाजात भांडले. म्हणाले, तुला मान नाही. म्हणाले, तिच्यासारख्या बायका तुझ्यासारख्यांच्या जिवावरच मोठ्या होतात. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. शेवटी म्हणाली, "तुह्या नोकरीच्या गावात तुही कोण दुश्मन आहे?"

"कुणी नाही."

"तरीच," ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

मला हे उत्तर पटलेलं नाही. दुश्मनाबरोबर राहावं लागतं म्हणून त्याच्या हाताखाली काम करावं, हे मला कधी पटणार नाही. मला शिकवणाऱ्यांनी मला हे शिकवलं नाही. पण निवड आईची होती आणि ती तिनं केली होती.

सकाळी आई माझ्याआधीच बाहेर पडली. बसथांबा शाळेच्या समोरच आहे. मी पिशवी घेऊन उभी होते तिथून शेड दिसत होती. जाऊबाई खुर्चीवर बसल्या होत्या, आई चुलीपाशी वाकली होती. तेवढ्यात भुजली मुलीला शाळेत सोडायला आली. मला पाहून मुलगी थांबली. तिच्या जन्मापासून ती मला मावशी म्हणत आली आहे. हात हलवून ओरडली, "मावशी, चालली का?"

तिच्या आईनं तिचा हात खाली ओढला.

"मावशी नाही," ती म्हणाली, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. "मॅडम म्हण."

मुलगी कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं पाहू लागली. शेडमध्ये आईचा सराटा थांबला. तिनं मान वर केली नाही, पण ती ऐकत होती हे मला कळत होतं. मी काय म्हणते याची तिघीही वाट पाहत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला जे सांगत होती तेच मलाही हवं होतं.

"हो," मी त्या पोरीला म्हणाले. "मॅडमच म्हण."

बस आली. मी चढले आणि शाळा ज्या बाजूला होती त्याच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसले.